आकाशातला मनोरा

पवना नदीच्या काठी रावेत वसले आहे. येथे नदीवर बंधारा आहे. पिंपरी-चिंचवड शहराला लागणारे बरेचसे पाणी याच ठिकाणी नदीतून उचलले जाते. मग ते शुद्ध केले जाते आणि नळांनी घरोघर पोहोचवले जाते. हे पाणी येते कोठून? रावेतच्या पश्चिमेला मावळ तालुक्यात पवना धरण आहे. लोहगड, तुंग आणि तिकोना हे किल्ले त्याच परिसरातील डोंगरांवर उभे आहेत. या डोंगरांवर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. ते पाणी खाली वाहत येते आणि शहराची तहान भागवते.

आज शहराला पाण्यासारखीच आणखी एका गोष्टीची गरज भासते. ती गोष्ट म्हणजे इंटरनेट. रावेतमध्ये आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथे मोबाइल हातात घेतला की हवी ती माहिती क्षणात समोर येते. पण नदीच्या उगमाच्या दिशेने चालत गेलो, तर काय होते? डोंगर जवळ येऊ लागतात. दरी अरुंद होत जाते. एखाद्या वळणावर मोबाइलच्या पडद्यावरील रेघा एकेक करून नाहीशा होतात. ‘रेंज गेली,’ असे लोक म्हणतात. डोंगरातले पाणी शहराकडे सहज येते, पण शहरातले इंटरनेट डोंगराकडे जाताना वाटेत अडते.

असे का होते? आणि ही अडचण दूर करण्यासाठी शास्त्रज्ञांनी चक्क फुग्यांची मदत कशी घेतली? ते या पाठात पाहू. फुगा म्हणजे उर्दूतला गुब्बारा. पण येथे ज्या फुग्यांची गोष्ट सांगायची आहे, ते जत्रेतल्या फुग्यांसारखे नाहीत. ते घराएवढे मोठे आहेत आणि विमानांच्याही वर उडतात.

प्रथम रेंज का जाते, ते समजून घेऊ. तुम्ही ठिकठिकाणी लोखंडी मनोरे पाहिले असतील. तीस-चाळीस मीटर उंचीच्या या मनोऱ्यांवरून रेडिओ लहरी चहूकडे पसरतात. याच लहरी आपला आवाज, चित्रे आणि मजकूर मोबाइलपर्यंत आणतात व मोबाइलकडून परत मनोऱ्याकडे नेतात. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. अंगणात कंदील ठेवला, तर त्याचा उजेड भिंतीच्या पलीकडे पडत नाही. तेथे सावली असते. तसेच डोंगराच्या एका बाजूला मनोरा असेल, तर दुसऱ्या बाजूच्या वाडीवर जणू सावली पडते. ही सावली आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलला ती जाणवते.

मग प्रत्येक डोंगराच्या पलीकडे एक मनोरा का उभारत नाहीत? मनोऱ्याला वीज लागते. सामान नेण्यासाठी रस्ता लागतो. मनोऱ्यापर्यंत जमिनीखालून तार टाकावी लागते, किंवा दुसऱ्या मनोऱ्यावरून लहरींनी संदेश आणावा लागतो. या सर्वांना मोठा खर्च येतो. शहरातल्या एका मनोऱ्याचा उपयोग हजारो लोकांना होतो. डोंगरातल्या मनोऱ्याखाली मात्र पन्नास-साठ घरेच असतात. कंपनी हिशेब करते. एवढ्या थोड्या लोकांकडून खर्च भरून निघणार नाही, असे तिला दिसते आणि ती वाडी मागे राहते.

मागे राहणे म्हणजे काय, हे २०२० साली सर्वांनाच कळले. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात शाळा-महाविद्यालये बंद झाली. शिक्षक मोबाइलवरून शिकवू लागले. ज्यांच्या घरी रेंज होती, ते वर्गात बसले. ज्यांच्या घरी ती नव्हती, ते वर्गाबाहेर राहिले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीची बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. तिच्या घरी रेंज मिळत नव्हती. डोंगरावर एका ठिकाणी ती मिळते, असे तिला आढळले. मग तेथे एक लहानशी झोपडी बांधण्यात आली. ती मुलगी रोज डोंगर चढून जात असे आणि भर पावसात त्या झोपडीत बसून अभ्यास करत असे.

या मुलीच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो. पण तिने जे केले त्यात विज्ञानाचे एक तत्त्वही आहे. ती उंचावर गेली. उंचावर गेले की मधले अडथळे कमी होतात, दूरवरचे दिसते, आणि दूरवरच्या मनोऱ्याच्या लहरीही पोहोचतात. आता उलट विचार करा. मुलांनी उंच चढून जाण्याऐवजी मनोराच उंच नेला तर? तो डोंगराच्याही वर नेला, तर त्याच्या लहरी दऱ्याखोऱ्यांत वरून उतरतील. मग डोंगराची सावली फारशी पडणार नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की आपली सावली पायाशी येते, तसेच हे आहे.

पण मनोरा किती उंच नेता येईल? लोखंडाचा मनोरा काहीशे मीटरपेक्षा उंच बांधणे कठीण असते. दुसरा उपाय म्हणजे उपग्रह. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी संपर्क साधणारे केंद्र सुरू झाले. विक्रम साराभाई यांच्या नावावरून त्याला ‘विक्रम’ हे नाव देण्यात आले. तेथील मोठ्या तबकड्यांमुळे भारताचा परदेशांशी दूरध्वनीने होणारा संपर्क सोपा झाला. असे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने फिरतो, म्हणून तो आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा भासतो. परंतु हे अंतर फार मोठे आहे. लहर प्रकाशाच्या वेगाने धावते, तरी वर जाऊन खाली यायला तिला जवळजवळ पाव सेकंद लागतो. बोलताना हा उशीर जाणवतो. शिवाय उपग्रह तयार करणे व सोडणे हे खर्चाचे काम आहे.

मनोरा फार खाली आणि उपग्रह फार वर. या दोहोंच्या मध्ये काही उभे करता येईल का? या प्रश्नातूनच फुग्यांची कल्पना पुढे आली.

फुगा वर का जातो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पाण्यात लाकूड तरंगते, कारण ते पाण्यापेक्षा हलके असते. हवेत हेलियम किंवा हायड्रोजन वायू भरलेला फुगा वर जातो, कारण हे वायू हवेपेक्षा हलके असतात. जमिनीजवळ एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलू शकतो. पण जसजसे वर जावे, तसतशी हवा विरळ होत जाते. वीस किलोमीटर उंचीवर तेच एक किलो वजन पेलायला सुमारे तेरा घनमीटर हेलियम लागतो. म्हणून उंचावर जाणारा फुगा प्रचंड मोठा असावा लागतो.

वीस किलोमीटर म्हणजे किती? रावेतहून पुणे स्टेशन साधारण तेवढ्या अंतरावर आहे. तेच अंतर सरळ वर मोजले, तर आपण जेथे पोहोचू, त्या थराला ‘स्थितांबर’ म्हणतात. प्रवासी विमाने दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात. ढग, पाऊस आणि वादळे बहुतेक त्याच्या खाली राहतात. स्थितांबरात पाऊस नसतो. वारे मात्र असतात आणि निरनिराळ्या उंचीवर ते निरनिराळ्या दिशांना वाहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

एवढ्या उंचीवर फुगे सोडण्याचे काम आपल्या देशाला नवीन नाही. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. ही संस्था लवकरच मुंबईत आली. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास हा भाभांच्या आवडीचा विषय होता. हे किरण हवेत अडण्यापूर्वीच पकडायचे, तर उपकरणे खूप उंच न्यावी लागतात. म्हणून या संस्थेने फुग्यांचे शास्त्र आत्मसात केले. पुढे १९६९ साली हैदराबाद येथे तिचे कायमचे बलून केंद्र झाले. तेथे फुगे केवळ सोडले जात नाहीत, तर ते तयारही केले जातात.

हे काम सोपे नव्हते. आपल्याला वाटते की थंड प्रदेशांवरचे आकाश अधिक थंड आणि उष्ण प्रदेशांवरचे कमी थंड असेल. प्रत्यक्षात सुमारे सतरा किलोमीटर उंचीवर उलट असते. भारतासारख्या उष्ण देशाच्या वर तेथे तापमान शून्याखाली ८० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली जाते. एवढ्या थंडीत साधे प्लास्टिक काचेसारखे कडक होऊन फुटते. त्यामुळे अशा थंडीतही लवचीक राहील असे पातळ प्लास्टिक शोधावे लागले.

हैदराबादहून सुटणारे फुगे पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे असतात आणि तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंत जातात. त्यांना टांगलेली उपकरणे काही तासांनी रंगीत हवाई छत्रीच्या साहाय्याने जमिनीवर उतरतात. कधी कधी ती आपल्या महाराष्ट्रातही येऊन पडतात, कारण ती विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास उतरतात. म्हणून संस्था लोकांना आधीच सूचना देते. शेतात असे काही आढळले, तर ते उघडू नये किंवा हलवू नये. जवळच्या पोलीस ठाण्याला, टपाल कार्यालयाला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. कळवणाऱ्याला बक्षीस मिळते.

या फुग्यांनी पुण्याच्या शास्त्रज्ञांनाही मदत केली आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २००१ आणि २००५ साली हैदराबादहून फुगे सोडून उंचावरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. त्या नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत झाली. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ साली जाहीर झाले. त्यांपैकी एका जातीला आर्यभटाचे नाव देण्यात आले.

मात्र हे फुगे काही तासांचे पाहुणे असतात. ते खालून उघडे असतात. वर जाताना आतला वायू प्रसरण पावतो आणि जास्तीचा वायू खालून निघून जातो. त्यामुळे फुगा फुटत नाही, पण सूर्य मावळल्यावर वायू थंड होऊन आकुंचन पावतो व फुगा खाली येऊ लागतो. संशोधनाला काही तास पुरतात. इंटरनेटला ते पुरत नाहीत. गावाला आज रेंज मिळाली आणि उद्या गेली, तर तिचा काय उपयोग?

जास्त दिवस तरंगण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे फुगे तयार करण्यात आले. ते सर्व बाजूंनी बंद असतात. त्यांचे प्लास्टिक अधिक जाड व मजबूत असते. दिवसा आतला दाब वाढला तरी ते ताणत नाहीत, आणि रात्री दाब कमी झाला तरी त्यांचा आकार फारसा बदलत नाही. म्हणून ते रात्रंदिवस जवळजवळ एकाच उंचीवर राहतात. असेच फुगे वापरून दुर्गम भागात इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग अमेरिकेतील गूगल या कंपनीने सुरू केला. या प्रकल्पाचे नाव होते ‘लून’. जून २०१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुमारे तीस फुगे सोडून त्याची पहिली जाहीर चाचणी घेण्यात आली.

लूनचा फुगा सुमारे पंधरा मीटर रुंद आणि बारा मीटर उंच असे. त्याच्या खाली सौर पट्ट्या आणि संदेश पाठवणारी उपकरणे टांगलेली असत. दिवसा सूर्यप्रकाशावर वीज तयार होई आणि ती बॅटरीत साठवून रात्री वापरली जाई. जमिनीवरील केंद्र एका फुग्याकडे संदेश पाठवी. तो फुगा दुसऱ्या फुग्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे असा संदेश पुढे जाई आणि शेवटचा फुगा तो खालच्या मोबाइलवर सोडी. विहिरीवरून घरापर्यंत माणसांची रांग करून हातोहात बादल्या पोहोचवतात ना, तसाच हा प्रकार होता. २०१८ मध्ये सात फुग्यांच्या साखळीतून सुमारे एक हजार किलोमीटर अंतरापर्यंत संदेश पाठवण्यात आला.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. फुग्याला इंजिन नाही, सुकाणू नाही. वारा नेईल तिकडे तो जाणार. मग तो गावावर थांबेल कसा? येथे मघाची गोष्ट आठवा. निरनिराळ्या उंचीवर वारे निरनिराळ्या दिशांना वाहतात. लूनच्या फुग्यात आणखी एक कप्पा असे. पंपाने त्यात बाहेरची हवा भरली की फुगा जड होऊन थोडा खाली येई. हवा सोडली की तो हलका होऊन वर जाई. पूर्वेकडे जायचे असेल, तर पूर्वेकडे वाहणारा वारा ज्या उंचीवर असेल, त्या उंचीवर फुगा न्यायचा. परत यायचे असेल, तर उंची बदलून उलटा वारा पकडायचा. जुन्या काळी अरबी समुद्रातील व्यापारी मोसमी वाऱ्यांची दिशा ओळखून शिडाची जहाजे हाकत असत. हे फुगेही तसेच वाऱ्यावर स्वार होत, पण त्यांचे खलाशी म्हणजे जमिनीवरील संगणक होते.

या युक्तीने फुगे एखाद्या प्रदेशावर अनेक आठवडे घिरट्या घालू लागले. २०१७ साली पेरू देशात मोठे पूर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्वेर्तो रिको बेटावर ‘मारिया’ नावाचे चक्रीवादळ धडकले आणि तेथील मनोरे कोसळले. या दोन्ही संकटांत लूनच्या फुग्यांनी लोकांना पुन्हा संपर्क मिळवून दिला. प्वेर्तो रिकोत दोन लाखांहून अधिक लोकांना त्याचा लाभ झाला. जमिनीवरचे सारे मोडून पडले असताना आकाशातला मनोरा उभा होता. पुढे एक फुगा तर सलग ३१२ दिवस आकाशात राहिला.

भारतातही लूनची चाचणी घ्यावी, असा विचार झाला होता. २०१६ साली त्यासाठी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश या राज्यांची नावे पुढे आली. परंतु एक अडचण निघाली. फुग्यावरून ज्या लहरी सोडायच्या होत्या, त्याच पट्ट्यातील लहरी देशातील मोबाइल कंपन्या आधीपासून वापरत होत्या. एका वर्गात दोन शिक्षक एकाच वेळी शिकवू लागले, तर मुलांना कोणाचेच नीट ऐकू येणार नाही. तसाच गोंधळ लहरींचा झाला असता. सरकारने ही अडचण संसदेतही सांगितली आणि लून भारतात आला नाही.

जुलै २०२० मध्ये आफ्रिकेतील केनिया देशात फुग्यांवरून ग्राहकांना नियमित सेवा मिळू लागली. तेथे सुमारे पस्तीस फुग्यांच्या साहाय्याने पन्नास हजार चौरस किलोमीटर भागात ही सेवा द्यायची होती. मात्र जानेवारी २०२१ मध्ये लून बंद करत असल्याचे कंपनीने जाहीर केले. म्हणजे नियमित सेवा सुरू होऊन सातवा महिना उलटण्याआधीच तिचा शेवट ठरला.

असे का झाले? फुगे तर उडत होते. संदेशही पोहोचत होते. उत्तर एका साध्या गणितात आहे. एका फुग्याच्या छायेत सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर प्रदेश येत असे. पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ एक तृतीयांश भाग एकाच फुग्याखाली! या हिशेबाने पन्नास हजार चौरस किलोमीटरसाठी दहा फुगे पुरायला हवे होते. मग पस्तीस का लागत होते? कारण फुगा मनोऱ्यासारखा एका जागी उभा राहत नाही. एक फुगा गावावर असतो, तेव्हा दुसरा वाऱ्याबरोबर दूर गेलेला असतो आणि तिसरा परतीच्या वाटेवर असतो. जे काम दहा जणांचे, त्यासाठी पस्तीस जण ठेवावे लागत होते.

शिवाय काही महिन्यांनी प्रत्येक फुगा उतरवून त्याच्या जागी नवा सोडावा लागे. प्रत्येक देशाच्या आकाशातून जाण्यासाठी परवानगी लागे. फुग्याचा संदेश घेण्यासाठी ४जी मोबाइल लागे आणि दुर्गम भागातल्या सर्वच गरीब लोकांकडे तसा मोबाइल नव्हता. ज्यांच्यासाठी हे सारे उभारले होते, त्यांच्याकडून खर्च भरून निघत नव्हता. डोंगरातल्या वाडीत मनोरा का उभा राहत नाही, याचे जे कारण आपण आरंभी पाहिले, तेच कारण शेवटी आकाशातल्या मनोऱ्यालाही आडवे आले.

मग हे सर्व श्रम वाया गेले का? तसे म्हणता येणार नाही. फुग्यांना एकमेकांशी जोडण्यासाठी प्रकाशाच्या अरुंद झोताचा वापर करून पाहण्यात आला होता. तीच विद्या पुढे जमिनीवर उपयोगी पडली. आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन काठांवर ब्राझाव्हिल आणि किन्शासा या दोन राजधान्या आहेत. त्यांच्यामधील अंतर पाच किलोमीटरही नाही, पण नदी इतकी खोल आणि वेगवान आहे की तार टाकायची तर शेकडो किलोमीटरचा वळसा पडतो. २०२१ साली या नदीवरून प्रकाशझोताने इंटरनेट पलीकडे पोहोचवण्यात आले.

आपल्याकडेही निरनिराळे प्रयत्न झाले. फुगा वाऱ्याने दूर जातो, हीच अडचण असेल, तर त्याला पतंगासारखे दोराने बांधून ठेवले तर? मुंबईच्या आय.आय.टी.च्या मदतीने उत्तराखंड राज्याने २०१८ साली असा बांधलेला फुगा देहरादून येथे उडवून दाखवला. तो फार उंच जात नाही. त्यामुळे त्याच्या छायेत थोडाच प्रदेश येतो, पण तो जागा सोडत नाही. दरड कोसळून रस्ते आणि तारा तुटल्या, तर असा फुगा त्या गावी नेऊन उडवता येतो. याच संस्थेने पालघर भागात आणखी एक प्रयोग केला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या लहरींपैकी काही वापरल्याच जात नाहीत. त्या लहरी झाडाझुडपांतून अधिक दूर जातात. त्यांच्या साहाय्याने खामलोली परिसरातील पाड्यांपर्यंत इंटरनेट नेण्यात आले.

उपग्रहांचाही आता नव्याने विचार होत आहे. ३६,००० किलोमीटरऐवजी केवळ पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून हजारो लहान उपग्रह फिरवले, तर संदेशाला उशीर लागत नाही. एक उपग्रह डोक्यावरून गेला की दुसरा येतो. अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंक या कंपनीशी महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्राथमिक करार केला. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतील शाळा, दवाखाने व शासकीय कार्यालये जोडणे हा त्यामागचा हेतू आहे.

मनोरा, तार, फुगा, प्रकाशाचा झोत, उपग्रह. साधने बदलत जातात, पण प्रश्न तोच राहतो. जेथे माणसे थोडी आहेत आणि पैसा कमी आहे, तेथे ही सोय कोण पोहोचवणार आणि तिचा खर्च कोण उचलणार? रावेतचे पाणी घरोघर जाते, कारण पाणी ही प्रत्येकाची गरज आहे, हे आपण सर्वांनी मान्य केले आहे. एखाद्या गल्लीत थोडीच घरे आहेत, म्हणून नगरपालिका तेथे नळ द्यायचे नाकारत नाही. शिक्षण मोबाइलवरून मिळू लागले, रुग्णाला दूरच्या डॉक्टरांचा सल्ला त्याच वाटेने मिळू लागला, तेव्हापासून इंटरनेटबद्दलही असाच विचार करावा लागत आहे.

उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी अधिकारी होईल. तुमच्यासमोर एखादे नवे यंत्र येईल. ते किती उंच जाते आणि किती वेगाने चालते, हे जरूर पाहा. पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. हे किती दिवस टिकेल? आणि डोंगरापलीकडच्या शेवटच्या घराला ते परवडेल का? लूनच्या फुग्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे शोधून दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधण्याचे काम अजून शिल्लक आहे.

स्वाध्याय

१. डोंगरापलीकडच्या वाडीला रेंज का मिळत नाही, ते कंदिलाच्या उदाहरणाने सांगा.
२. लूनचा फुगा इंजिन नसताना दिशा कशी बदलत असे?
३. हैदराबादहून सुटणारे फुगे आणि लूनचे फुगे यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
४. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर आहे. एका फुग्याखाली ५,००० चौरस किलोमीटर प्रदेश येतो, असे धरले तर किती फुगे लागतील? प्रत्यक्षात त्याहून जास्त का लागतील?
५. ‘इंटरनेट ही पाण्यासारखीच प्रत्येकाची गरज आहे.’ या विचाराबद्दल तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.